बंधाऱ्यावरचं ऑफिस

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून धीराची अपेक्षा करणार नाही. माझं माहेर कुडाळच्या पलीकडे, डोंगराला लागून. तिथे पाणी म्हणजे विहिरीतलं, फार तर ओढ्यावहाळातलं. लग्न होऊन देवबागेत आले तेव्हा पहिल्यांदा कळलं की पाणी घराच्या दोन्ही अंगांना असू शकतं. पश्चिमेला दर्या, पूर्वेला खाडी, आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर माड, एक रस्ता आणि आम्ही. उन्हाळ्यात पर्यटक येतात, "काय नशीबवान हो तुम्ही!" म्हणतात आणि मासे खाऊन जातात. त्यांनी एकदा आषाढात यावं. पण आषाढात कुणी येत नाही.

आता पुन्हा आषाढ लागलाय. पडवीला माडाची झापं बांधून झाली, होडी मांगराच्या छपराखाली गेली, जाळी आढ्याला टांगली. सकाळपासून दर्याचा एकच सूर चालू आहे. तो चढला की भीती वाटते, आणि मध्येच उतरला तर जास्त वाटते. भात शिजत असताना, चुलीवरच्या दोरीवर कपडे टाकताना माझा एक कान पश्चिमेला असतो. सासूबाई मला हसतात. "तुझो कान एक दिवस दर्यात पडतलो गो," म्हणतात. पण हसताना त्यांची स्वतःची नजर बंधाऱ्यावर असते. गेली दोन वर्षं ती तिथे कुणाला शोधते, हे मला ठाऊक आहे.

लेना आमच्याकडे आली ती दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात. जर्मनीची, वय तिशीच्या आत, पाठीवर एक भलीमोठी पिशवी. आमच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी असतात, त्यातली माडांकडची तिने घेतली. आधी आठवड्यासाठी, मग महिन्यासाठी. ज्येष्ठाच्या सुरुवातीला म्हणाली, पावसाळाभर राहू का? माझ्या नवऱ्याने डोकं खाजवलं. उधाणाच्या दिवसांत इथलीच माणसं पोराबाळांना घेऊन मालवणला पाहुण्यांकडे जातात, आणि ही आपणहून राहते म्हणते. पण तिला शांतता हवी होती, खोली स्वस्त हवी होती, आणि आम्हालाही पावसाळ्यात एक माणूस घरात वाढलेलं हवंच होतं. राहिली.

ती तिकडच्या लहानमोठ्या दुकानांसाठी वेबसाइट बनवायची. पिशवीतून लॅपटॉप काढला की झालं ऑफिस. नोकरी सोडून, भाड्याचं घर सोडून ती निघाली होती. जगात कुठेही बसून पोट भरता येतं हे तिला करून बघायचं होतं. सासूबाईंना हे समजावताना माझी त्रेधा उडाली.

"म्हणजे ती कामार जाता खंय?"

"खंयच नाय, आई. जंय आसा थंयच काम."

"आणि मालक?"

"तो तिच्या देशात."

त्यांनी थोडा विचार केला. "बरां आसा. मालक दिसणा नाय म्हणजे बोलणी खावक नको."

त्यांचा अंदाज चुकला. बोलणी रोज यायची, फक्त आवाज न करता. पडद्याकडे बघता बघता लेनाचा चेहरा उतरला की मी समजायची, आज कुणीतरी तिकडून फैलावर घेतलंय.

आणि ती बोलणी खायलाही तिला चालत जावं लागायचं. देवबागेत तेव्हा मोबाइलची रेंज अशी नव्हती. टेलिफोनची तार पावसाच्या पहिल्या झोडपण्यातच लोळायची. घरात, खळ्यात म्हणजे अंगणात, माडांखाली कुठेच काही लागायचं नाही. लागायचं ते एका जागी, दर्याच्या बाजूला घातलेल्या दगडी बंधाऱ्यावर. तिथल्या एका चपट्या दगडावर उभं राहिलं की मोबाइल जिवंत व्हायचा. मुंबईला मुलगा असलेले म्हातारे तिथे उभे राहून "हालो, हालो" करायचे. लेना तिथे खताची रिकामी गोणी अंथरून बसायची, मोबाइल वायरने लॅपटॉपला जोडायची, आणि डोक्यावरून जाळी झाकायचं मेणकापड घ्यायची. आत लॅपटॉप, ती आणि तिचं गिऱ्हाईक. वैशाखात हे बघायला मजा वाटायची. वाडीतल्या बायका पाणी भरायला जाताना म्हणायच्या, "गेली गो तुमची लीना हापिसाक."

सासूबाईंनीच तिची लीना केली होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरात माणूस होडीकडे निघाला की त्याला कुणी "खंय चाललंस?" विचारत नाही. आणि एकदा खळ्याबाहेर पाऊल पडलं की मागून हाक मारत नाही, काही विसरलं असलं तरी. मी नवी नवरी असताना एका पहाटे नवऱ्याला सहज विचारलं होतं, "कुठे चाललात?" तो काही न बोलता मागे फिरला, ओटीवर बसला, पाणी प्यायला आणि मग पुन्हा निघाला. सासूबाईंनी त्या दिवशी माझ्याकडे असं बघितलं की मी जेवलेच नाही. माहेरीही मागून हाक मारू नये म्हणतात, पण तिथे माणूस फार तर बाजाराला जातो. इथे तो कुठे जातो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून विचारायचं नसतं.

हाच नियम सासूबाईंनी लेनाला लावला. ती पिशवी घेऊन बंधाऱ्याकडे निघाली की त्या हातातलं काम ठेवून बाजूला सरायच्या आणि गप्प व्हायच्या. मी एकदा म्हटलं, "आई, ती काय होडयेत जाता?" तर म्हणाल्या, "पोटाक जाता ना? दर्याकडेन जाता ना? मगे झाला." एका परक्या मुलीच्या लॅपटॉपला त्यांनी जाळ्याचा मान दिला होता. मला तेव्हा भरून आलं होतं. त्याच मानाने पुढे आमची तोंडं बांधून टाकली, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

आषाढ लागला आणि लेनाच्या मोकळ्या जगण्याला बुरशी यायला लागली. अगदी खरीखुरी. पिशवीच्या पट्ट्यांवर हिरवी, पासपोर्टच्या कव्हरवर पांढरी. लॅपटॉपची बटणं खाऱ्या हवेने अडकायला लागली, तेव्हा माझ्या नवऱ्याने तो तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितला. रात्री तांदळात, सकाळी बंधाऱ्यावर. लाईट दिवसदिवस जायची. मालवणच्या सायबर कॅफेत जावं तर तिथलीही लाईट गेलेली, नाहीतर रस्त्यावर पाणी आलं म्हणून एसटी मध्येच थांबलेली. दोन फेऱ्या तिच्या अशा वाया गेल्या आणि तिसऱ्या वेळी ती तारकर्लीहून भिजत चालत आली. आल्यावर मी कुळथाची पिठी आणि गरम भात वाढला. ती जेवताना रडत होती की नाकातून पाणी येत होतं ते मी नीट बघितलं नाही.

मग तिला ताप आला. पावसातल्या तापाची आमच्याकडे धास्तीच असते. शेतात, चिखलात अनवाणी फिरलेली चांगली तगडी माणसं त्या तापाने गेलेली आम्ही पाहिली आहेत. मी तिच्या खोलीच्या दाराशी दर थोड्या वेळाने जाऊन उभी राहायची, श्वास ऐकू येतो का बघायची. मनात नको नको ते यायचं. हिला काही झालं तर कुणाला कळवायचं? कुठल्या भाषेत? तिच्या आईचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या मागे त्या दिवसांत कायमचाच राहायला आला होता. मालवणच्या डॉक्टरांनी औषध दिलं, ताप उतरला. पहिल्यांदा डोळे नीट उघडल्यावर ती म्हणाली, "माझ्या आईला सांगितलं नाहीत ना?"

आईला ती फोटो पाठवायची. निळा दर्या, माडांच्या सावल्या, शहाळं हातात घेतलेली ती. वैशाखात काढून ठेवलेले फोटो ती आषाढात एकेक करून पाठवत होती. मी विचारलं, असं का? तर म्हणाली, "तिने मला जाऊ नको सांगितलं होतं. पावसाचा फोटो पाठवला तर ती म्हणेल, बघ, मी म्हटलं नव्हतं?" जर्मनीतल्या आयाही हेच म्हणतात याचं मला बरं वाटलं.

एका संध्याकाळी आम्ही दोघी पडवीत बसलो होतो. उधाणाचं पाणी बंधाऱ्यावर आपटून वर उडत होतं आणि त्याचे शिंतोडे माडांपर्यंत येत होते. मी विचारलं, "तुला याची भीती नाही वाटत?"

"समुद्राची? नाही," ती म्हणाली. "मला मेल आली नाही की भीती वाटते. दोन दिवस कुणाचंच काही आलं नाही की वाटतं, आपण आहोत हे सगळे विसरले."

मला तिला सांगायचं होतं की बाई गं, त्या दर्याची भीती बाळग, ती जास्त उपयोगाची. पण दर्याबद्दल अभद्र बोलायचं नाही, तेही पावसात, तेही सासूबाई शेजारी कुळीथ निवडत असताना. मी दुसरेच उद्योग करायची. ती निघायच्या वेळी मुद्दाम चहा उशिरा टाकायची. तिच्या चपला न्हाणीघराच्या मागे सरकवून ठेवायची. "घावणे गरम आहेत, खाऊन जा," म्हणायची. ती घावणे खायची, चपला शोधायची आणि जायची. पिवळा रेनकोट काळ्या दगडांवर जाऊन बसला की माझं घरात लक्ष लागायचं नाही. भाजी करपायची.

तो दिवस आषाढी अवसेचा. अवसेला भरती भर दुपारी येते, आणि आषाढातली अवस म्हणजे वर्षातलं मोठं पाणी. सकाळपासून वारा वेडा झाला होता. वाडीच्या दुसऱ्या टोकाला बंधारा खचला म्हणून सगळे पुरुष वाळूची पोती टाकायला धावले होते. जाताना माझ्या नवऱ्याने लेनाला सांगितलं होतं, "टुडे बिग वॉटर. नो ऑफिस." तिने मान डोलावली होती.

पण तिचं एक मोठं काम त्याच दिवशी पोचायला हवं होतं. तिच्या देशात सकाळ झाली, दुकानाचा मालक येऊन बसला, की त्याच्यापुढे ते असायला हवं. तिकडची सकाळ म्हणजे आमची दुपार. त्या गिऱ्हाइकावर तिचं सगळं होतं. ते गेलं तर परत जाऊन आईच्या घरी, आईच्या समोर उभं राहायचं. तिने मला पिशवी दाखवली आणि पाच बोटं वर केली. पाच मिनिटं. फक्त पाठवून येते.

मी काहीच बोलले नाही. सासूबाई पडवीत खोबरं खवत होत्या. त्यांनी विळी बाजूला केली, पाय जवळ घेतले, तिला वाट दिली आणि खाली बघत बसल्या. लेना खळ्यातून बाहेर पडली. माडांमधून पिवळा रेनकोट दिसत होता, वाऱ्याने फुगलेला. मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते. दर्याचा सूर उतरला होता. मला जास्त भीती वाटते तसा.

आणि माझ्या मागून एक आवाज आला. मी आधी तो ओळखलाच नाही, कारण इतक्या वर्षांत मी सासूबाईंना ओरडताना ऐकलं नव्हतं.

"लीनाऽऽ! मागे ये! मागे ये गोऽऽ!"

त्या उठून खळ्यात गेल्या होत्या, डोक्यावरचा पदर पडला होता, हाताला खोबऱ्याचा कीस लागलेला. लेना थांबली. वळली. तिला वाटलं, म्हातारीला काहीतरी झालं. ती धावत परत आली. सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं ते असं की नंतर तिथे वळ दिसत होते. ओढत पडवीत आणली, खाली बसवली आणि मला म्हणाल्या, "पाणी हाड."

लेना घड्याळाकडे बघत होती. पाण्याचा तांब्या तिच्या हातात होता. "काय झालं? यांना बरं नाही का?" ती मला विचारत होती, आणि मी उत्तर देणार एवढ्यात ते आलं.

मी लाट म्हणते, पण लाट वाटली नाही. बंधारा दिसायचाच बंद झाला. त्याच्या जागी करडं पाणी उभं राहिलं, मग ते माडांमध्ये शिरलं, आणि झापं, लाकडं, फेस घेऊन खळ्यातून थेट पायरीला येऊन लागलं. दगड एकमेकांवर आपटल्याचा आवाज पायांतून आला. पाणी ओसरलं तेव्हा बंधाऱ्याला तिथे खिंडार पडलं होतं. तो चपटा दगड नव्हता. गोणी नव्हती. लेनाच्या हातातला तांब्या तिरका झाला होता आणि पाणी तिच्या मांडीवर सांडत होतं, तिला कळत नव्हतं.

सासूबाईंनी अजून मनगट सोडलं नव्हतं. तिच्याकडे बघत त्या मालवणीत बोलायला लागल्या, जणू तिला सगळं कळतंय.

"माझो थोरलो, सदा. मिरगाच्या तोंडार गेलो. होडी वर काढूची होती, एकच खेप म्हणालो. खळ्यातसून भायर पडलो नि माका दक्षिणेक काळा दिसला. तोंडात हाक इली. भायर पडलेल्या माणसाक मागसून हाक मारू नये म्हणान गिळलंय. होडी गावली. झील गावलो नाय."

भिंतीवरच्या फोटोतले सदाभावजी मला माहीत होते. ते दर्यात गेले, होडी सापडली आणि ते सापडले नाहीत, हे माहीत होतं. त्या गिळलेल्या हाकेचं मला माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नव्हतं. लेनासाठी मी ते तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगत होते आणि सांगता सांगता स्वतः पहिल्यांदा ऐकत होते. लेनाने सगळं ऐकलं आणि सासूबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं. खळ्यात एक मासा तडफडत होता, तो कुणी उचलला नाही.

काम गेलं ते गेलंच. गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी तिला कळवलं की असल्या बेभरवशाच्या माणसाशी संबंध नको. समुद्राने बंधारा फोडला हे त्याला पटलं नाही, तो म्हणाला असली कारणं त्याने पुष्कळ ऐकलीत. हे तिने आम्हाला हसत सांगितलं. पण त्यानंतर ती दर्याकडे पाठ करून बसायला लागली. जेवताना, कपडे घडी करताना, नुसतं बसतानाही. मला तिचं वाईट वाटायचं आणि मनातल्या मनात बरंही वाटायचं, की घरात आता आपल्याइतकं भ्यालेलं आणखी एक माणूस आहे.

श्रावणात रस्ता मोकळा झाल्यावर ती गेली. सासूबाईंनी तिच्या पिशवीत सुक्या बांगड्यांची पुडी घातली. विमानतळावर ती उघडली तर काय होईल, या काळजीत मी पुढचे चार दिवस काढले.

बंधारा नंतर बांधून काढला, पहिल्यापेक्षा उंच. यंदा तारकर्लीच्या बाजूला टॉवर झालाय आणि रेंज घरातसुद्धा येते. माझा नवरा म्हणतो, आता अशा पाहुण्यांसाठी पाटीच लावूया, इथे बसून काम करा. मी त्याला म्हटलं, लाव, पण पावसाळ्यात काढून ठेव. सासूबाईंनी होडीकडे जाणाऱ्याला अजून कधी मागून हाक मारलेली नाही. नियम आहे तो आहे. मात्र उधाण आलं की त्या मला न चुकता विचारतात, "लीनाचा काय कळला?"

परवा मालवणला बाजाराला गेले होते तेव्हा सायबर कॅफेत डोकावले, लेनाने जाताना काढून दिलेलं मेलचं खातं उघडलं, तर तिची मेल आलेली. घरी येऊन सासूबाईंना सांगितली. त्या सुपात सुकट निवडत होत्या. ती आता तिसऱ्याच एका देशात आहे, एका लहानशा बेटावर. काम पुन्हा मिळालंय. खोलीचं दार उघडलं की समोर समुद्र, आणि खोलीतच रेंज. आणि लिहिते, सगळ्यात छान काय, तर इथे कुणी कुणाला काही विचारत नाही. मी कधी जाते, कधी येते, कुणाला पत्ता नसतो. आठवडाभर कुणाशी बोलले नाही तरी चालतं. इतकी मोकळी मी कधीच नव्हते.

मी हे आनंदाने सांगत होते. सासूबाईंचा हात सुपातच थांबला.

"कोणच इचारणा नाय?"

"नाय, आई."

"मगे एक दिस ती परत इली नाय, तर कळतला कोणाक?"

मी तिला कॅफेतूनच उत्तर पाठवून आले होते. वाचून फार आनंद झाला, मजा कर, एवढंच लिहिलं होतं.